पहिला घोट

मेदोवृद्धीवर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या मनुष्याला भेटावयास येणारी मंडळी बहुधा एकच प्रश्न विचारतात : वजन किती उतरलें? प्रश्न स्वाभाविक आहे. पण तो फार लवकर विचारला जातो. रुग्ण अजून खाटेवर असतो, पोटावरील चारपांच लहान जखमांवर पट्ट्या असतात, हाताला सलाईनची नळी असते. त्याच्या लेखीं त्या दिवसाचा मोठा प्रश्न वजनाचा नसून, एक घोट पाणी पोटांत ठरेल कीं नाहीं, हा असतो. शस्त्रक्रिया ही शल्यविशारदाची; ती बहुधा दीडदोन तासांत आटोपते. त्यानंतर रुग्णालयांत जे दोनतीन दिवस जातात, ते मात्र रुग्णाचे, परिचारिकेचे आणि घरच्या माणसांचे असतात. त्या दिवसांत जें शिकलें जातें, त्यावर पुढच्या अनेक वर्षांचें आरोग्य उभें राहतें. जें शिकावयाचें राहून जातें, त्याची भरपाई कोणत्याही शस्त्रानें होत नाहीं.

ही शस्त्रक्रिया आतां महाराष्ट्राला नवी राहिलेली नाहीं. मुंबई, पुणें, नागपूर अशा शहरांत ती नित्य होते. २०११ सालीं श्री. नितीन गडकरी यांनीं ती मुंबईंत करून घेतली, तेव्हां वर्तमानपत्रांच्या द्वारें तिची वार्ता घरोघर पोंचली. परंतु हा केवळ शहरांचा प्रश्न आहे असें मानणें चुकीचें होईल. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील प्रौढ स्त्रीपुरुषांपैकीं जवळजवळ चौथा हिस्सा अतिवजनाचा आढळून आला. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांचें नांव घेतलें म्हणजे भातशेती, सह्याद्रीचे डोंगर, आदिवासींचे पाडे आणि धरणें डोळ्यांपुढें येतात. पण तेथेंही बैठी नोकरी, दारांतली दुचाकी आणि फडताळांतल्या मधुमेहाच्या गोळ्या आतां अपरिचित नाहींत. तेव्हां मुंबईच्या एखाद्या रुग्णालयांतील खाटेवर भातसा धरणाजवळच्या भातसानगर वसाहतींतील एखादी गृहिणी आहे, असें समजून चालावें. तिच्या मागोमाग गेलें असतां हा विषय त्याच्या सर्व अडचणींसह समजतो.

प्रथम तिच्या पोटांत काय केलें गेलें, तें पाहिलें पाहिजे. मनुष्याचें जठर ही एक लवचीक पिशवी आहे. भरपेट जेवणानंतर तींत लिटर-दीड लिटर अन्न सहज मावतें. आज सर्वांत अधिक प्रचारांत असलेल्या पद्धतींत या पिशवीचा बाहेरच्या बाजूचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग उभा कापून काढतात, आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी मागें राहते. तींत प्रारंभीं शंभर ते दीडशें मिलीलिटरच मावतें. कापलेली कड धातूच्या बारीक टांचण्यांच्या रांगांनीं बंद केली जाते. दुसऱ्या पद्धतींत जठराच्या वरच्या टोकाची एक लहानशी पिशवी वेगळी करून ती आंतड्याच्या पुढील भागास जोडतात. त्यामुळें उरलेलें जठर आणि आंतड्याचा पहिला भाग टाळून अन्न खालीं जातें. दोन्ही पद्धतींत केवळ जागा कमी होते असें नाहीं. भुकेची जाणीव देणारा घ्रेलिन नांवाचा स्राव मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागांत तयार होतो, आणि पहिल्या पद्धतींत तो भागच निघून जातो. आंतड्यांतून निघणारे इतर स्रावही बदलतात. म्हणूनच मधुमेही रुग्णाची रक्तांतील साखर वजन उतरण्याच्या आधींच, पुष्कळदां रुग्णालयांतच, खालीं येऊं लागते, आणि इन्शुलिनचें प्रमाण डॉक्टरांना दिवसागणिक ठरवावें लागतें.

या विद्येचा उगम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. जठरव्रणासाठीं ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढावा लागे, त्या रुग्णांचें वजन पुढें कांहीं केल्या वाढत नसे. तो त्या शस्त्रक्रियेचा दोष मानला जाई. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांतील डॉ. एडवर्ड मेसन यांनीं त्या दोषाचाच औषधासारखा उपयोग करावयाचें ठरविलें, आणि १९६६ सालीं डॉ. चिकाशी इटो यांच्यासह अतिस्थूल रुग्णावर जठराला वळसा देण्याची शस्त्रक्रिया केली. त्या काळीं त्यासाठीं पोट मोठें उघडावें लागे. १९९० नंतर दुर्बिणीच्या साह्यानें लहान छिद्रांतून तीच गोष्ट साधूं लागली, आणि रुग्णालयांतील मुक्काम आठवड्यांवरून दिवसांवर आला. मात्र दोषाचें औषध केलें तरी त्यांतला दोष नाहींसा होत नाहीं. कमी खाल्लें जातें, कमी शोषलें जातें. म्हणून लोह, कॅल्शियम, ब-१२ आणि ड ही जीवनसत्त्वें यांची काळजी रुग्णाला जन्मभर वाहावी लागते.

आतां शस्त्रक्रियेनंतरची पहिली संध्याकाळ. रुग्ण शुद्धीवर येतो, तेव्हां त्याला स्वस्थ पडून राहावेंसें वाटतें, आणि घरच्या वडील माणसांनाही तेंच योग्य वाटतें. मोठ्या दुखण्यांत हालचाल म्हणजे धोका, ही समजूत जुनी आहे. येथें नेमकें उलट घडतें. कांहीं तास होतात न होतात, तोंच परिचारिका येते. रुग्णाला प्रथम उठून बसावयास, मग खाटेचा आधार घेऊन उभें राहावयास, आणि मग खोलीबाहेरच्या वाटेवर चार पावलें टाकावयास लावते. पाहणाऱ्याला हें निर्दयपणाचें वाटतें. पण त्यांत मोठी दया आहे. स्थूल शरीर, लांबलेली गुंगी आणि निश्चल पाय या तिहींच्या योगानें पोटऱ्यांच्या शिरांत रक्त गोठूं लागतें. अशी एखादी गांठ सुटून फुप्फुसांत गेली, तर यशस्वी झालेली शस्त्रक्रिया क्षणांत व्यर्थ होते. म्हणून पायांत घट्ट मोजे घालतात, पोटऱ्यांना हवेच्या पट्ट्यांनीं आवळून सोडतात, रक्त पातळ ठेवणारीं इंजेक्शनें देतात. परंतु या सर्वांहून स्वस्त उपाय म्हणजे रुग्णाचे स्वतःचे पाय.

जी गोष्ट पायांची, तीच श्वासाची. पोट दुखतें म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो. मग फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो आणि तेथें कफ साचतो. उशाशीं ठेवलेलें तीन चेंडूंचें लहान यंत्र त्यासाठींच असतें. नळींतून श्वास ओढून चेंडू वर उचलावयाचे, आणि हा खेळ दर तासाला खेळावयाचा. खांद्यांत दुखूं लागलें, म्हणजे रुग्ण घाबरतो. पण शस्त्रक्रियेच्या वेळीं पोट फुगविण्यासाठीं भरलेल्या कार्बन डायॉक्साइड वायूचा राहिलेला अंश पडद्याला टोंचतो आणि ती कळ खांद्यांत उमटते. चालण्यानें ती दोनतीन दिवसांत ओसरते. परिचारिकेचें खरें लक्ष अन्यत्र असतें. ती नाडी मोजते. टांचण्यांच्या रांगेंत कोठें फट राहून आंतला द्रव पोटांत झिरपूं लागला, तर पहिली बातमी बहुधा नाडीच देते. ताप किंवा असह्य वेदना नसतांही विश्रांतींत नाडी मिनिटाला १२० च्या वर जाऊन तेथेंच राहिली, तर शल्यविशारदाला मध्यरात्रीं उठविण्यास तेवढें कारण पुरेसें असतें.

मग पाण्याची वेळ येते. अनेक ठिकाणीं ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं, कांहीं ठिकाणीं त्याच रात्रीं येते. औषधाच्या लहानशा पेल्यांतून ३० मिलीलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी पुढें केलें जातें, आणि तें पंधरा मिनिटांत, ओठ भिजवीत भिजवीत संपवावयाचें असतें. तासाला असे चार पेले. तहान मोठी असते, आणि उन्हांतून आल्यावर तांब्या वर धरून एका दमांत रिता करण्याची संवय जन्माची असते. एक घोट जास्त झाला, तर छातीच्या मध्यभागीं दाब येतो, उचकी लागते, तोंडाला पाणी सुटतें. हीच नव्या जठराची भाषा होय, आणि ती रुग्णाला येथेंच शिकावी लागते. जुन्या पोटाला भरल्याची जाणीव होण्यास वीस मिनिटें लागत आणि तोंवर हात थांबत नसे. नवें पोट पहिल्याच घोटाला उत्तर देतें.

या पेल्यांतल्या पाण्यालाही एक वाट आहे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांत भातसा सर्वांत मोठा. सातांच्या एकूण साठ्यापैकीं जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातशाचा. तेथून सुटलेलें पाणी नदीच्या पात्रानें पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येतें, पांजरापूर येथें शुद्ध होतें आणि मुंबईस जातें. भातसानगरची गृहिणी मुंबईच्या रुग्णालयांत जो पेला हातीं घेते, त्यांतलें पाणी तिच्याच घराशेजारून आलेलें असण्याचा पुष्कळ संभव आहे. तिच्या तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर मात्र उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. तेथील स्त्रीला पाणी मापून वापरणें कोणी शिकवावें लागत नाहीं. पण मापून पिणें ही निराळी विद्या आहे, आणि ती हंडा भरलेला असतांना शिकावयाची असते. शस्त्रक्रियेनंतर घरीं गेलेल्या रुग्णाला पुन्हां रुग्णालयांत आणण्याचीं जीं नेहमींचीं कारणें आहेत, त्यांत पाण्याची तूट हें एक आहे. चक्कर, गडद लघवी आणि कोरडी जीभ हीं तिचीं चिन्हें. दिवसभरांत दीड लिटरपर्यंत पोंचणें हें ध्येय, आणि तें लहान घोटांनींच गांठतां येतें.

पाणी ठरलें, म्हणजे शहाळ्याचें पाणी, मुगाच्या डाळीचें वरचें निवळ, गाळलेली तांदळाची पेज, पातळ ताक असे पदार्थ येतात. सुमारें दोन आठवडे असें द्रव अन्न, मग कांहीं दिवस गुरगुट्या भात, वरण आणि कुस्करलेलें पनीर यांसारखें मऊ अन्न, आणि सहा ते आठ आठवड्यांनीं नेहमींचें जेवण, अशी चढती पायरी असते. रुग्णालयागणिक तींत थोडा फरक पडतो. पण पायरी ओलांडून उडी मारण्याची मुभा कोठेंही नाहीं. टांचण्यांची रांग ताजी असतांना घन अन्न घेतलें किंवा वारंवार वांती झाली, तर ताण त्या रांगेवर पडतो.

आणि येथेंच महाराष्ट्रीय घराची खरी परीक्षा लागते. या घरांत प्रेमाची भाषा अन्नाची आहे. पाहुण्याला आग्रह करून वाढणें, पानांत टाकूं न देणें, आजाऱ्याच्या उशाशीं साजुक तुपाचा शिरा घेऊन बसणें, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. भरल्या अंगाला खात्यापित्या घरचें लक्षण समजतात, आणि उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहून घरच्या कर्त्या स्त्रीला आपला अपमान झाल्यासारखें वाटतें. ज्या भागांत आजी-आजोबांच्या पिढीनें आषाढ-श्रावणांतले अर्धपोटीं दिवस काढले आहेत, तेथें तर मुलीसुनेचें पान रिकामें दिसणें हें मोठें दुःख. म्हणून दुसऱ्या दिवशीं दुपारीं भातसानगरहून निघालेला डबा दोन गाड्या बदलून रुग्णालयाच्या दारांत येतो, तेव्हां तो लोभाचा नसतो, मायेचा असतो.

"अहो सिस्टर, दोन चमचे तरी खाऊं द्या. पोरीच्या पोटांत कालपासून कांहीं नाहीं," सासूबाई म्हणतात.

"आजी, दोन चमचे पाणी द्या. हें घड्याळ घ्या आणि दर पंधरा मिनिटांनीं तुम्हीच द्या," असें समजूतदार परिचारिका सांगते.

डबा परत जातो, पण माणूस परत जात नाहीं, ही या उत्तरांतली युक्ति आहे. जिचे हात वाढण्यासाठीं शिवशिवतात, तिच्या हातीं पेला, घड्याळ आणि वही दिली, म्हणजे तीच सर्वांत दक्ष शुश्रूषा करते. किती पेले गेले, किती वेळां लघवी झाली, किती फेऱ्या चालून झाल्या, हें लिहून ठेवणें. चालतांना सलाईनची दांडी धरणें. रुग्णासमोर बसून फरसाण न खाणें. हीं कामें लहान दिसतात. पण घरीं गेल्यावर परिचारिका नसते, आणि तेव्हां हीच वही व हेंच घड्याळ उपयोगी पडतें. घरच्यांचें शिक्षण झालें नाहीं, तर रुग्णाचें शिक्षण अर्धेंच राहतें.

डब्याहून अधिक टोंचणारी दुसरी एक वस्तु भेटीला येणारे बरोबर आणतात, आणि ती म्हणजे शेरा. "जीभ आवरली असती तर पोट कापण्याची पाळी आली असती का?" हें कोणी उघड बोलतो, कोणी नजरेनें. याच भयानें पुष्कळ रुग्ण शेजाऱ्यांना पित्ताशयाची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया झाल्याचें सांगतात. स्थूलता ही केवळ खादाडपणाची शिक्षा नव्हे, हें जुन्या वैद्यांनाही ठाऊक होतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अष्टौनिंदितीय नांवाचा अध्याय आहे. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश यांचा एकत्र विचार केला असून, या दोहोंत अतिस्थूलाची चिकित्सा अधिक कठीण मानली आहे, आणि स्थूलतेच्या कारणांत बीजस्वभावाची, म्हणजे जन्मानेंच आलेल्या प्रवृत्तीचीही गणना केली आहे.

आधुनिक काळांत या प्रश्नावर मोलाचा प्रकाश पुण्यानें टाकला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचींच छायाचित्रें व मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२·३. पण शरीरांतील चरबीचें प्रमाण युडकिन यांचें शेंकडा ९·१ आणि याज्ञिक यांचें २१·२! याज्ञिक यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला, तेव्हां असें दिसून आलें कीं, तेथील बाळें वजनानें कमी आणि अंगानें बारीक असलीं, तरी त्यांच्या देहांत चरबी त्या मानानें टिकून असते. म्हणजे आईच्या पोटांतील उणीव आणि पुढील आयुष्यांतील मेद व मधुमेह हीं परस्परांचीं शत्रु नसून नात्यांतलीं आहेत. शहापूर-मुरबाडसारख्या भागांत, जेथें कुपोषण आणि मधुमेह हीं दोन्ही एकाच तालुक्यांत आढळतात, तेथें हें विशेष ध्यानांत घेतलें पाहिजे. याच कारणानें २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठीं या शस्त्रक्रियेचा विचार २७·५ या कमी निर्देशांकापासून करावा असें म्हटलें आहे. खाटेवरच्या गृहिणीला दोष देण्यापूर्वीं तिच्या आजीनें काय खाल्लें होतें, हेंही विचारलें पाहिजे.

शस्त्रक्रियेचें बळ किती आणि मर्यादा कोठें, याचीं दोन उदाहरणें पुरेत. स्वीडनमध्यें १९८७ सालीं एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यांत सुमारें दोन हजार शस्त्रक्रिया झालेल्या आणि तितक्याच न झालेल्या स्थूल व्यक्तींची तुलना केली गेली. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचें प्रमाण कमी आहे, हें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलें. त्याच अभ्यासांत हेंही दिसलें कीं, वजन पहिल्या एकदोन वर्षांत सर्वांत खालीं जातें, आणि पुढें त्याचा कांहीं भाग परत येतो.

दुसरें उदाहरण मुंबईंतलें आणि करुण आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाची ईमान अहमद हिला ११ फेब्रुवारी २०१७ रोजीं मालवाहू विमानानें मुंबईंत आणून चर्नीरोडच्या सैफी रुग्णालयांत ठेवण्यांत आलें. तिचें वजन तेव्हां सुमारें पांचशें किलो असल्याचें सांगण्यांत आलें. डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या नेतृत्वाखालीं ७ मार्च रोजीं तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. म्हणजे आधींचे तीन आठवडे तिला शस्त्रक्रियेस योग्य करण्यांत गेले, शस्त्रक्रियेला एक दिवस लागला, आणि त्यानंतर जवळजवळ दोन महिने ती त्याच रुग्णालयांत होती. तिचें वजन पुष्कळ उतरलें. पण पूर्वींच्या पक्षाघातानें दुबळें झालेलें शरीर केवळ वजन उतरून सावरणारें नव्हतें. ४ मे रोजीं तिला अबू धाबी येथें हलविण्यांत आलें, आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजीं तेथें तिचा अंत झाला. सारें जग आंकड्याकडे पाहत होतें. तिची शुश्रूषा करणारांना मात्र आंकड्याबाहेरची केवढी तरी झुंज रोज दिसत असली पाहिजे.

आतां भातसानगरच्या गृहिणीला घरीं जाण्याची परवानगी मिळते. पाणी ठरतें आहे, ताप नाहीं, नाडी शांत आहे, आणि ती आपल्या पायांनीं चालते आहे. मुंबईच्या रुग्णाला शंका आली तर तासाभरांत शल्यविशारदापाशीं जातां येतें. हिचें तसें नाहीं. आसनगावपर्यंत लोकलचे सुमारें दोन तास, पुढें शहापूर, आणि तेथून धरणापर्यंतचा रस्ता. त्यांत पावसाळ्याची रात्र असली तर हें अंतर आणखी वाढतें. टांचण्यांच्या रांगेंतील फट पुष्कळदां घरीं गेल्यानंतर, पहिल्या दोनतीन आठवड्यांत उघडकीस येते. म्हणून दूरच्या रुग्णाच्या हातीं घरीं जातांना तीन गोष्टी असल्याच पाहिजेत : काय केलें तें स्पष्ट लिहिलेला कागद, रात्रीं-अपरात्रीं उचलला जाणारा फोन नंबर, आणि न थांबण्याचीं चिन्हें. तीं चिन्हें अशीं : ताप, विश्रांतींतही जलद राहणारी नाडी, धाप, पोटांत किंवा डाव्या खांद्यांत वाढत जाणारी कळ, पाणीसुद्धां न ठरणें, एकाच पोटरीला आलेली सूज व दुखणें, काळी शौचास किंवा रक्ताची वांती. यांपैकीं एकही दिसलें तर सकाळची वाट पाहूं नये. शहापूरचें उपजिल्हा रुग्णालय ही अशा वेळीं जवळची पहिली पायरी होय. तेथील डॉक्टरांच्या हातीं तो कागद पडला, तर पुढील निर्णय लवकर होतो.

गांवांतल्या डॉक्टरांनाही आधींच सांगून ठेवावें. दोन गोष्टींसाठीं तें फार अगत्याचें आहे. गुडघेदुखीसाठीं सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांपैकीं पुष्कळ गोळ्या या नव्या जठराला व्रण पाडतात, विशेषतः वळसा दिलेल्या पद्धतींत. विडी-सिगारेटनें तेंच होतें. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. अशक्तपणा आला कीं ग्लुकोजचें सलाईन लावण्याची आपल्याकडे प्रथा आहे. शस्त्रक्रियेनंतर दिवसच्या दिवस वांती होणाऱ्या रुग्णाच्या शरीरांत ब-१ जीवनसत्त्वाची तूट पडलेली असूं शकते. अशा वेळीं तें जीवनसत्त्व आधीं न देतां नुसतें ग्लुकोज दिलें, तर मेंदूला कायमची इजा होऊं शकते. डोळ्यांपुढें एकाच्या दोन वस्तु दिसणें, तोल जाणें, बुद्धि गोंधळणें हीं तिचीं लक्षणें. एका वाक्याच्या सूचनेनें टळणारें हें संकट आहे, आणि तें वाक्य घरच्यांना रुग्णालयांतच पाठ करून द्यावयास हवें.

पुढील महिन्यांत आणखी कांहीं गोष्टी घडतील. तीनचार महिन्यांनीं केस गळूं लागतील. ते बहुधा पुन्हां येतात. वजन झपाट्यानें उतरतांना पित्ताशयांत खडे होण्याचा संभव असतो. पहिलें वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते. प्रथिनें रोज साठ ते ऐंशी ग्रॅम मिळावीं लागतात. तेव्हां पानांतलें पहिलें स्थान भाताऐवजीं डाळीला, उसळीला, अंड्याला किंवा मासळीला द्यावें लागतें. भाताच्या मुलुखांत हें सोपें नाहीं. जेवतांना पाणी प्यावयाचें नाहीं. जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचें अंतर ठेवावयाचें. एक घास सावकाश चावावयाचा, आणि तृप्ति झाल्याबरोबर, पान अर्धें राहिलें तरी, उठावयाचें.

हें शेवटचें पथ्य घराच्या अंगणांत लग्नाची पंगत बसेल तेव्हां कसोटीला लागेल. वाढपी येईल, यजमान आग्रह करील, कोणी म्हणेल, "आमच्या घरचा एक घास तरी?" त्या वेळीं तिच्या शेजारीं बसलेल्या सासूबाईंनीं पानावर हात आडवा धरून "तिचें झालें," एवढें सांगितलें, तर मुंबईच्या शल्यविशारदानें केलेलें काम पुढें चाललें असें समजावें. त्या बाईंनीं रुग्णालयांत घड्याळ हातीं धरून दोनदोन चमचे पाणी दिलेलें असतें. किती म्हणजे पुरे, हें त्यांना आतां कोणी सांगावें लागत नाहीं.